वाळूच्या मोहात पडण्याआधी बिरसी

तुळशीचे लग्न लागले की मराठी घरांत सहलीचे बेत शिजू लागतात, आणि हल्ली त्या बेतांत जैसलमेरचे नाव हमखास असते. पिवळा किल्ला, सम गावच्या वाळूच्या टेकड्या, तंबूतली रात्र, उंटावरचा फोटो. जैसलमेर देखणेच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिथून परतलेल्यांना विचारावे, निवांत नेमके कुठे वाटले? अनेकांच्या तोंडी गडीसरचे नाव येते. चौदाव्या शतकात महारावळ गडसी सिंहांनी नव्याने बांधून काढलेला तो तलाव. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पावसाच्या मुलखात शतकानुशतके गावाची तहान त्याने भागवली. त्याच्या पायऱ्यांवर संध्याकाळी टेकले की बडबड्या माणसाचेही तोंड मिटते. म्हणजे एवढे वाळवंट तुडवून आपण शेवटी बसतो ते तळ्याकाठीच!

तळ्याकाठीच बसायचे असेल तर महाराष्ट्राच्या पार पूर्व टोकाला गोंदिया जिल्हा आहे. पाऊस १२०० ते १३०० मिलिमीटर, आणि तळी इतकी की त्यांची नावे गावकऱ्यांनाही एका दमात सांगता येत नाहीत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा उत्तरेला मध्य प्रदेशच्या बालाघाटला आणि पूर्वेला छत्तीसगडला टेकलेला आहे. पुण्या-मुंबईच्या पर्यटकाच्या नकाशात तो नसतोच. फार तर ‘विदर्भ एक्सप्रेस’ आणि ‘महाराष्ट्र एक्सप्रेस’ जिथे संपतात ते स्टेशन, एवढीच ओळख. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्सप्रेस राज्य आडवे कापत, दिवस-रात्र एक करून जिथे पोचते ते हे गाव. तिथून आणखी बारा-तेरा किलोमीटरवर बिरसी.

बिरसी हे नाव लोकांना कळले ते विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४० च्या सुमारास, इंग्रजांनी धानाच्या बांध्यांच्या मधोमध इथे धावपट्टी आखली. युद्ध संपले आणि पुढची कित्येक दशके ती जवळजवळ पडूनच राहिली. २००४ ते २०११ या काळात केंद्रात नागरी विमान वाहतूक खाते सांभाळणारे प्रफुल्ल पटेल गोंदियाचे. तेव्हा बिरसीचे दिवस पालटले यात नवल नाही. २००५ मध्ये विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आला, धावपट्टी वाढली आणि वैमानिक घडवणारी मोठी प्रशिक्षण संस्था उभी राहिली. आज बिरसी, कामठा, परसवाडा, झिलमिली, खातिया या गावांच्या डोक्यावर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने दिवसभर घिरट्या घालतात. निंदणी करणाऱ्या बाया मान वर करून बघतसुद्धा नाहीत. पाहुण्याला मात्र पहिला अर्धा दिवस दर विमानामागे मान फिरवावीशी वाटते.

प्रवासी विमानांचे गाडे अजून रुळायचे आहे. मार्च २०२२ मध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू झाली आणि काही महिन्यांतच थांबली. १ डिसेंबर २०२३ पासून गोंदिया-हैदराबाद-तिरुपती विमान सुरू झाले. अशा लहान विमानतळांची वेळापत्रके हंगामागणिक बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी चालू वेळा बघून घ्याव्यात. मुंबईकराला खरे सोयीचे म्हणजे संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसावे आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या आत गोंदियात उतरावे. नागपूरकराला तर निमित्तच पुरे आहे; रेल्वेने हे अंतर साधारण १३० किलोमीटर.

आता बेताचे. दोन दिवसांच्या सहलीत सात ठिकाणे कोंबणारी एक जमात आपल्याकडे आहे. पहाटे पाचला नागझिरा, दुपारी नवेगाव, संध्याकाळी हाजरा फॉल, रात्री गाडी. त्या सहलीत जिल्हा दिसतो तो गाडीच्या काचेतून, आणि परतल्यावर थकवा उतरवायला आणखी एक रजा टाकावी लागते. बिरसीच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: एक दिवस बिरसीच्या पंचक्रोशीत, दुसरा दिवस एकाच मोठ्या ठिकाणी. बाकीचे पुढच्या खेपेला.

पहिला दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू करावा लागेल. तेवढा त्रास घ्यायचाच. विमानतळाच्या शेजारचेच झिलमिली आणि त्याच्या जोडीचे परसवाडा, या दोन्ही गावांचे तलाव हिवाळ्यात पक्ष्यांनी गजबजतात. नोव्हेंबर उलटला की हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, शेपटीला सुईसारखे टोक असलेली तलवार बदके आणि विटकरी डोक्याची मोठी लालसरी दिसू लागतात. इथलेच रहिवासी असलेले कमळपक्षी पानांवरून तुरुतुरु पळत असतात. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, सावकाश चालावे. एका बाजूला धुक्यात बुडालेले पाणी, दुसऱ्या बाजूला खाली उतरत गेलेल्या बांध्या. हलका धान दिवाळीपर्यंत कापून झालेला असतो. त्याचे भारे बांधून पुंजणे रचलेले दिसतात. भारी धान अजून उभा असतो, ओंब्यांच्या वजनाने वाकलेला.

आणि त्या बांध्यांतच सारस उभा असतो. सहा फुटांच्या आसपास उंची, म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. राखाडी अंग, लालभडक उघडे डोके आणि मान, गुलाबीसर पाय. पहिल्यांदा बघणाऱ्याला दुरून शेतात कुणी माणूस वाकून काम करतोय असेच वाटते. मग तो मान वर करतो. शेजारी जोडीदारीण असतेच. सारस सहसा एकटा दिसत नाही. दोघेही चोची आभाळाकडे करून ओरडू लागतात तेव्हा नराच्या एका हाकेला मादीच्या दोन हाका, अशी त्यांची जुगलबंदी चालते आणि ती पाऊण-एक मैलावर सहज ऐकू जाते. पावसाळ्यात पिले झालेली असतील तर दिवाळीच्या सुमारास जोडीच्या मागे तांबूस रंगाचे एखादे पोर लटपटत चाललेले दिसते.

महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात. भंडारा आणि चंद्रपूर मिळून थोडेसे. वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या पलीकडे बालाघाटमध्येही आहेत, आणि पक्ष्यांना राज्याची हद्द कळत नसल्याने ते इकडून तिकडे ये-जा करतात. गोंदियाचा आकडा एके काळी चाळिशीच्या वर गेला होता. अलीकडच्या गणनांत तो तिशीच्या आसपास घसरला. कारणे कुणापासून लपलेली नाहीत. शेतात वाढलेली कीटकनाशके, तलावांवरची अतिक्रमणे आणि डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारा. एवढ्या मोठ्या पंखांच्या पक्ष्याला धुक्यात तार दिसत नाही. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्याआधीपासून गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था आणि तिचे सावन बहेकार घरटी राखण्याचे आणि शेतकऱ्यांना सोबत घेण्याचे काम करत आले आहेत. सारस घरटे करतो ते पाण्यातल्या गवताचे, कधी थेट कुणाच्या धानाच्या बांधीत. त्या वाफ्यातला धान तुडवला जातो, हे सरळ नुकसान. तरीही घरट्याभोवती नांगर आणि विळा वळवून नेणारे शेतकरी या भागात आहेत, म्हणून तर तिशी तरी उरली.

उन्हे वर आली की मोर्चा गावाकडे. रस्त्याकडेला उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या घेऊन बाया बसलेल्या असतात. काळे कवच दाताने फोडायचे, आत पांढरा, पिठूळ, किंचित गोड गर. हे शिंगाडे याच तलावांतले. ढिवर समाजाची माणसे पाण्यात कमरेएवढे उतरून काढतात. उपासाच्या पिठापुरताच शिंगाडा ठाऊक असलेल्या शहरी माणसाने ते चारदोन तिथेच उभ्याने खावेत. दुपारच्या जेवणाला नव्या तांदळाचा भात आणि तळ्यातल्या मासोळीचा रस्सा मिळाला तर आणखी काही मागू नये. मासे न खाणाऱ्यांसाठी तांदळाच्या पिठाचे आयते आहेत. फक्त चकचकीत हॉटेलची अपेक्षा बिरसीत ठेवायची नाही. राहायची-जेवायची व्यवस्था गोंदिया शहरात. तिथे कानावर मराठीइतकीच हिंदी पडेल, गावात पोवारी पडेल आणि बाजारात छत्तीसगडीही.

दुपारी कामठ्याला जाता येते. एके काळच्या मोठ्या जमीनदारीचे हे गाव. १८१८ मध्ये इथल्या चिमणा पटेलांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता. तो मोडून काढण्यात आला आणि जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. आज लोक इथे येतात ते बहुतांशी संत लहरीबाबांच्या आश्रमात. ज्यांना जुनी देवळे आवडतात त्यांनी शहराजवळच्या नागऱ्याचे शिवमंदिर बघावे. नाही गेले तरी चालेल, दुपारची झोप हाही सहलीचाच भाग आहे.

मी मात्र त्या वेळात कुठल्याही एका तलावाच्या पाळीवर परत जाईन. कारण गोंदियाचे सौंदर्य ज्याला म्हणायचे ते निसर्गाने आयते दिलेले नाही. वाळूच्या टेकड्या वारा घडवतो. इथले प्रत्येक पाणी माणसाने अडवलेले आहे. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने या भागात तलाव बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन, असा रिवाज होता असे सांगतात. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारीची पद्धत, गेली तेव्हा ते सरकारजमा झाले आणि कागदोपत्री ‘माजी मालगुजारी’, बोलण्यात ‘मामा तलाव’ बनले. लहान असेल तर बोडी.

जरा जवळून बघितले तर यातली कारागिरी कळते. डोंगराच्या उताराला अर्धवर्तुळात घातलेली मातीची पाळ, जादा पाणी निघून जायला एका अंगाला सलांग, आणि पाळीच्या पोटात तुडूम. हे तुडूम म्हणजे एकाखाली एक भोके ठेवलेली उभी बांधणी. पाण्याची पातळी उतरेल तसतसे खालचे भोक मोकळे करायचे, म्हणजे वरचे ऊन लागलेले पाणी आधी शेतात जाते आणि तळाचा गाळ ढवळला जात नाही. कुणाच्या बांधीला किती वेळ पाणी हे पाणकर ठरवी, आणि त्याचा शब्द मोडायची पाटलाचीही प्राज्ञा नसे. एका तलावाचे सांडलेले पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याखालच्या बोडीत, अशी साखळी. आज बऱ्याच ठिकाणी तुडूम मोडकळीला आले आहे, पात्रात बेशरमाची झुडपे माजली आहेत आणि सलांगीवर सिमेंट चढले आहे. अर्जुनी मोरगावकडे मनीष राजनकर आणि त्यांच्या सोबतच्या ढिवर मंडळींनी, विशेषतः बायांनी, काही तलावांतला बेशरम उपटून मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा हरवत चाललेले देशी मासे परतले. सरकारी खोलीकरणाच्या योजनांना हे गणित कळायला हवे होते. पोकलेनने तळ खरवडला की पाणी जास्त मावते, पण त्या पाण्यात जगणारे काहीच उरत नाही.

संध्याकाळ. दिवाळीनंतरच्या आठवड्यांत आलात तर ही संध्याकाळ तुमची राहत नाही, गावाची होते. बलिप्रतिपदेला गायगोधन झाले आणि भाऊबीज उलटली की गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा बाजार, पाळणे, गोडीशेव, दंडारीचे खेळ. रात्री झाडीपट्टीचे नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. तिथून पूर्व विदर्भभर प्रयोग जातात आणि उभ्या केलेल्या मंडपात रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. गाणी, रडारड, विनोद, मध्येच लावणी, सगळे एका तिकिटात. पुण्यातल्या प्रेक्षकाला दीड तासाच्या प्रयोगात मोबाइल बघावासा वाटतो. इथे कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून, मांडीवर पोर घेऊन लोक शेवटपर्यंत बसतात. पूर्ण रात्र जागायची तयारी नसेल तर पहिले दोन अंक बघून उठावे. कुणी काही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी नवेगावबांध की नागझिरा, याचा निकाल आदल्या रात्री लावून टाकावा. दोन्ही मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. गोंदियाहून नवेगाव साधारण ६५ किलोमीटर, नागझिरा त्याहून जवळ. नागझिऱ्यावर व्यंकटेश माडगूळकरांनी पुस्तक लिहिले आणि किरण पुरंदरे तिथे चारशे दिवस राहिले, म्हणून मराठी वाचकाला ते घरचेच वाटते. पण जिप्सीतून उतरायची मुभा नाही, आणि ‘वाघ दिसला का?’ या एकाच प्रश्नाने समोरून येणारी प्रत्येक गाडी थांबते. उमरेड-कऱ्हांडल्यात नाव कमावून २०१६ मध्ये बेपत्ता झालेला ‘जय’ वाघ मूळचा नागझिऱ्याचा. वाघांची संख्या वाढावी म्हणून मे २०२३ मध्ये चंद्रपूरकडच्या दोन वाघिणी इथे आणून सोडल्या आहेत. दिसले तर नशीब. ज्याला वाघच हवा त्याने सरळ ताडोबाला जावे.

निवांतपणासाठी माझे मत नवेगावला. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा तलाव, सभोवती सात बहिणींचे डोंगर, पाण्यात मालडोंगरीचे बेट. हे पाणीसुद्धा अडवलेलेच. तीनशे वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधल्या खिंडी बांधून हा तलाव केला. पुढे लोकांनी त्यांचा कोलासूर देव केला आणि डोंगरावर त्याचे ठाणे मांडले. तलाव बांधणाऱ्या माणसाला देवपण देणारा मुलूख हा. वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली याच नवेगावात राहिले. इथल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून त्यांना जंगलाचे जे ज्ञान मिळाले ते त्यांच्या पुस्तकांत पानोपानी आहे. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचे एखादे पुस्तक बॅगेत टाकून न्या, तलावाकाठी बसून पंधरा पाने वाचा, मग पाण्याकडे बघा. सहल तिथे वसूल होते. परतीआधी वेळ उरलाच तर गोठणगावची तिबेटी वसाहत बघता येते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वसलेली ही नोर्ग्येलिंग वसाहत आणि तिचा बौद्ध विहार धानाच्या शेतांमध्ये अचानक समोर येतो.

सालेकसा तालुक्यातले हाजरा फॉल आणि कचारगड मी मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. धबधबा पावसाळ्यात आणि त्याच्या लगोलग बघायचा. कचारगडची गुहा ही गोंड समाजाची पवित्र जागा. गोंडांचे आद्य धर्मगुरू पारी कुपार लिंगो यांच्या स्मरणार्थ माघ पौर्णिमेला तिथे देशभरातून लाखो आदिवासी बांधव येतात. योगायोग असा, की जैसलमेरचा मरू महोत्सवही याच माघ पौर्णिमेच्या आगेमागे भरतो. एकाच चांदण्यात दोन यात्रा. ज्यांना निवडायचे त्यांनी निवडावे. मात्र कचारगडला जायचे तर यात्रेकरू म्हणून, हौशी कॅमेरेवाले म्हणून नाही.

चार व्यवहाराच्या गोष्टी. नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर हा उत्तम काळ. पहाटे थंडी बोचते, स्वेटर आणि कानटोपी हवीच. व्याघ्र प्रकल्पाचे आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधी करावे आणि प्रवेशद्वार बंद असण्याचा वार बघून घ्यावा. गोंदियातून दोन दिवसांची गाडी ठरवली तर बरे, कारण तलावांपर्यंत एसटी जाते पण तुमच्या वेळेला येत नाही. भडक कपडे टाळा. दुर्बीण न्या, ड्रोन नेऊ नका, शेजारी विमानतळ आहे आणि पक्षीही.

आणि एक विनंती. परसवाड्याला किंवा झिलमिलीला सारस दिसला तर धुऱ्यावरच थांबा, बांधीत उतरू नका. धान कुणाचा तरी आहे आणि पिलू त्या जोडीचे आहे. घरटे किंवा अंडी दिसली तर त्याचा फोटो जागेच्या नावासकट फिरवू नका. जवळच्या वनरक्षकाला किंवा ज्याच्या शेतात आहे त्या शेतकऱ्याला तेवढे सांगा आणि मागे फिरा.